येळवशीचे ताट आणि पिशवीतले तेल

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर शहराची बाजारपेठ दुपारपर्यंत ओस पडते आणि आसपासची शिवारे माणसांनी भरून जातात. वेळ अमावस्येच्या, म्हणजे इथल्या बोलीतल्या येळवशीच्या, या दिवशी जिल्ह्यात स्थानिक सुटीही असते. कडब्याची कोप उभारायची, तिच्यात पांडवांची पूजा मांडायची आणि मग शेतातच पंगत बसवायची, अशी ही रीत आहे. पंगतीतले पदार्थ पाहिले तर त्या पंधरवड्यात रानात काय काय उभे आहे याची यादीच हाती येते. भज्जीत तुरीचे आणि हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, पातीचा कांदा, चिंचेचा कोळ आणि बेसन असते. जोडीला ज्वारी-बाजरीचे उंडे, ताकातले आंबील आणि गव्हाची खीर असते. मीठ-साखरेसारख्या दोन-चार वस्तू वगळल्या तर यातल्या कशालाही प्लास्टिकच्या पाकिटाची गरज पडत नाही. हंगामी, सेंद्रिय आणि प्लास्टिकमुक्त जेवण म्हणून महानगरांत आज ज्याचे कौतुक होते, ते लातूर-नांदेडकडे दरवर्षी एक दिवस आपसूक घडते. मग उरलेले वर्षभर याच घरांच्या फडताळात पाकिटांची चळत का असते? याचे उत्तर स्वयंपाकघराच्या आधी शेतात शोधायला हवे. ताटात येणारी पिके शिवारातून जसजशी मागे हटली, तसतसे पाकीट घरात शिरले.

लातूर आणि नांदेडच्या खरिपात आज सोयाबीनचे राज्य आहे. हे पीक शंभर-एकशे दहा दिवसांत हाती येते, मळणी यंत्राने उरकते आणि त्याला दारातच बाजार मिळतो. त्यामुळे शेतकऱ्याने ते निवडले यात त्याला दोष देता येणार नाही. पण सोयाबीन इथल्या घरात शिजत नाही. ते कारखान्यात जाते, तिथे हेक्झेन नावाच्या द्रावकाने त्याचे तेल काढले जाते आणि शुद्धीकरणानंतर तेच तेल प्लास्टिकच्या पिशवीत भरून गावच्या किराणा दुकानात परत येते. करडईचा प्रवास याच्या अगदी उलट होता. रब्बीत काळ्या रानात, जमिनीतल्या ओलीवर ती येई. कोवळी असताना तिची भाजी होई, बी झाल्यावर गावच्या घाण्यावर तेल निघे आणि पेंड जनावरांपुढे जाई. तेल आणायला घरचीच बरणी असे. करडई काटेरी असल्यामुळे काढणीला मजूर मिळेनात, बाजारात स्वस्त शुद्ध तेल आले आणि घाणे थांबले. तेलाची पिशवी घरात आली ती या वाटेने.

तुरीचेही असेच झाले. लातूर ही देशातल्या मोठ्या डाळ बाजारपेठांपैकी एक आहे. जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्ती कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही याच जिल्ह्यातले अनेक ग्राहक चकचकीत पॉलिश केलेली डाळ एक किलोच्या पाकिटात घेतात. कायद्याकडून इथे फारशी मदत होत नाही. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी जाहीर केली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड ठेवला. पण तिचा रोख हातातल्या पिशवीवर आणि थर्माकोलच्या ताटांवर होता, कारखान्यातच भरून येणाऱ्या वेष्टनाला सूट होती. भाजीवाल्याची पातळ पिशवी गुन्हा ठरली आणि डाळ-तेलाचे पाकीट राजरोस राहिले. करात मात्र नकळत उलटा न्याय झाला. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर पाच टक्के जीएसटी आला आणि सुटा माल त्यातून मोकळा राहिला. सुटे घेणाऱ्याचा थोडा का होईना फायदाच आहे.

हंगामी, सेंद्रिय आणि सुटे घ्या म्हटले की पहिला आक्षेप सेंद्रिय या शब्दावर येतो. सेंद्रिय माल महाग असतो आणि तो खरा आहे हे कोणी सांगावे, असे लोक विचारतात. शंका रास्त आहे. पण प्रमाणपत्राचा शिक्का असलेला सेंद्रिय माल बहुधा बंद पाकिटातच मिळतो, म्हणजे शेतीतले विष टाळताना कचरा पदरात पडतो. छोट्या शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकलेल्या सेंद्रिय मालाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत प्रमाणपत्राची सक्ती नाही. तिथे ओळख आणि विचारपूस कामी येते: तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी काय फवारले, निंबोळी अर्क वापरला का, किती वेळा. शिवाय हंगाम पाळला की निम्मे काम होते. शाळू ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते आणि तिला फवारणी क्वचितच लागते. पावसाळ्यातला तरोटा, कर्टुली, घोळ, पाथरी या रानभाज्यांना कोणी औषध मारत नाही. अंबाडी आणि चुक्यालाही फारसे काही लागत नाही. उलट भर उन्हाळ्यात फ्लॉवर हवा असेल तर तो लांबून येणार आणि बहुधा फवारलेला असणार. ज्याला शिक्क्याचा माल परवडत नाही, त्याने हंगामाचे खाल्ले तरी तो बरेच अंतर कापतो.

दुसरा आक्षेप स्वच्छतेचा आहे. पाकिटातला माल भेसळीपासून आणि किडीपासून वाचतो, हे अंशतः खरे आहे. सुटा माल उघड्या पोत्यात धूळ खात पडला असेल तर तो घेऊ नये. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेला खाद्यपदार्थही नको, कारण छपाईच्या शाईचे अंश अन्नात उतरतात आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच याबद्दल सावध केले आहे. मात्र कीड लागते ती मुख्यतः दमटपणामुळे. दाताखाली कट्‌कन तुटेल इतके धान्य उन्हात वाळवले, डाळीला एरंडेलाचा हात दिला, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवले, तर ते पावसाळा सहज काढते. उन्हाळ्यात भाजी नसते या तक्रारीलाही मराठवाड्याने वाळवणाचे उत्तर दिलेले आहे. सांडगे आणि वाळवलेली गवार हाताशी असली की चैत्र-वैशाखातही ताट रिकामे राहत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. हे सगळे वाळवायचे, निवडायचे, भरायचे कोणी? आजवर ते बाईने केले, बिनमोल केले. पाकिटाने तिचे काही तास वाचवले, हे नाकारून पर्यावरणाच्या गोष्टी सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. म्हणून जुनी रीत जशीच्या तशी परत आणण्यात अर्थ नाही. काम घराबाहेर काढून त्याला मोल द्यायला हवे. बचत गटांनी छोटी डाळ गिरणी आणि लाकडी घाणा चालवावा, वाळवण विकावे आणि गिऱ्हाइकाने आपला डबा घेऊन यावे. सुगीत वर्षाचे धान्य एकरकमी घेण्याची ऐपत सगळ्यांची नसते. तिथेही गटाने एकत्र खरेदी करून महिन्याच्या हप्त्याने वाटप केले तर अडचण सुटते. घरातली कामे पुरुषांनी वाटून घ्यावीत, हे वेगळे सांगायला नको.

शहरात प्लास्टिकशिवाय पंगत जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्याचा लंगर पाहावा. तिथे अखंड पंगती उठतात, त्या स्टीलच्या थाळीत, आणि थाळ्या धुऊन पुन्हा मांडल्या जातात. एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे होत असेल, तर शिकवणीसाठी लातूर-नांदेडला आलेल्या हजारो विद्यार्थ्यांच्या खानावळीत का होऊ नये? गरम वरण आणि रस्सा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देण्याची पद्धत आरोग्यालाही बरी नाही. दोन डब्यांची फिरती जोडी ठेवली, एक गेला की दुसरा आला, तर ही पिशवी पूर्ण टळते. खानावळीची निवड पालक करतात. त्यांनी दरासोबत डब्याचाही आग्रह धरावा.

सगळे प्लास्टिक एका वर्षात जाणार नाही, तशी अपेक्षाही नको. मीठ, साखर, औषधे पाकिटात आली तरी चालतील. पण ज्वारी, तूरडाळ आणि तेल या तीन वस्तू रोजच्या जेवणाचा कणा आहेत आणि तिन्ही याच मातीत पिकतात. पौषात तूर निघते, फाल्गुनापर्यंत शाळू आणि करडई खळ्यावर येते. येत्या सुगीत प्रत्येक घराने एक शेतकरी, एक डाळ गिरणी आणि एक घाणा शोधून या तीन वस्तूंची पाकिटे बंद करावीत. करडईला घरोघरचे गिऱ्हाईक पुन्हा मिळाले, तर शेतकरीही ती पुन्हा पेरील.