माजी विद्यार्थ्यांचा गौरव

सासुरवाशीण माहेरी यावी तसे माजी विद्यार्थी विद्यापीठाच्या मेळाव्यास येतात. तेथे बहुधा अधिकारपदाचा व संपत्तीचा गौरव होतो. तो अयोग्य नव्हे. परंतु श्रद्धेच्या बळावर शांततेसाठी झिजलेल्याचे कार्य कशाने मोजावे?

बंगळुरूचे एस. एन. सुब्बराव यांचे उदाहरण घ्यावे. जन्म 1929 चा. 1942 च्या आंदोलनात तेराव्या वर्षीच त्यांना अटक झाली. कायद्याचे शिक्षण घेऊनही वकिली न करता ते सेवादलाच्या डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हाकेसरशी दिल्लीस गेले. सर्वधर्मप्रार्थना हा त्यांच्या युवक शिबिरांचा नित्यक्रम होता.

चंबळच्या खोऱ्यात 1960 साली 20 दरोडेखोर विनोबांना शरण आले होते. तेच कार्य पुढे चालवीत सुब्बरावांनी 1970 मध्ये जौरा येथे आश्रम स्थापिला. तेथेच एप्रिल 1972 मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत माधोसिंग, मोहरसिंग आदींनी गांधीजींच्या प्रतिमेपुढे बंदुका ठेवल्या. तुरुंगवास कोणाला चुकला नाही. फाशी टळली, एवढेच. वस्तुतः शरणागती हा एका दिवसाचा सोहळा. ज्याचा माणूस मारला गेला ते घर आणि मारणाऱ्याचे घर यांना त्याच मुलखात नांदावयाचे होते, आणि आश्रमाचे खरे काम तेथून पुढचे होते. त्याची नोंद मानपत्रात सहसा येत नाही; यावयास हवी.

27 ऑक्टोबर 2021 रोजी सुब्बराव जयपूर येथे निवर्तले. अंत्यसंस्कार मात्र जन्मगावी नव्हे, जौऱ्याच्या आश्रमात झाले.