पीयूष ग्रंथीतील गळू : ताप नसतानाही दृष्टीला धोका

बेंगळुरू : दीर्घकाळची डोकेदुखी, अंधुक होत जाणारी दृष्टी आणि त्यासोबत अतिशय तहान व वारंवार लघवी. ही लक्षणे एकत्र आढळल्यास पीयूष, म्हणजेच पिट्युटरी ग्रंथीत गळू झाल्याची शंका घ्यायला हवी. या ग्रंथीच्या विकारांत गळवाचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. अनेक रुग्णांना तापच येत नाही, त्यामुळे गाठ समजून शस्त्रक्रिया केली जाते आणि आत पू सापडतो.

एमआरआयमध्ये गळवाची केवळ कड उजळलेली दिसते; मात्र काही गाठीही तशाच दिसतात. तहान हा अधिक बोलका संकेत आहे, कारण ग्रंथीच्या साध्या गाठीत शस्त्रक्रियेपूर्वी हे लक्षण क्वचितच आढळते.

मल्लेश्वरममध्ये केसी जनरल हे सरकारी रुग्णालय आहे, तर मेंदूविकारांसाठीची निम्हान्स ही राष्ट्रीय महत्त्वाची संस्थाही याच शहरात आहे. त्यामुळे येथील रुग्णाच्या बाबतीत शंका वेळेत येणे अधिक महत्त्वाचे.

नाकावाटे दुर्बिणीने पू काढून तो तपासणीसाठी पाठवला जातो. भारतात क्षयाची चाचणीही आवश्यक ठरते. सुमारे निम्म्या रुग्णांत जंतू सापडतच नाहीत, तरीही प्रतिजैविके साधारण चार ते सहा आठवडे द्यावी लागतात. कॉर्टिसॉल कमी असल्यास आधी स्टेरॉइड आणि नंतरच थायरॉइडचे औषध द्यायचे असते. क्रम उलटल्यास जिवावर बेतू शकते. संप्रेरकांची गोळी अनेकांना आयुष्यभर घ्यावी लागते. गळू पुन्हा होऊ शकते, म्हणून ठरावीक काळाने एमआरआय केला जातो.