दोन फुटांचा समुद्र

मुलांनो, गप्पी नाहीतर गोल्डफिश तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी असतील. पण २००३ साली 'फाइंडिंग निमो' हा सिनेमा आला आणि तेव्हापासून जगभरच्या मुलांना नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश हवासा वाटू लागला. तो राहतो खाऱ्या पाण्यात. मग प्रश्न येतो, घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवता येईल का? आणि मुख्य म्हणजे, परवडेल का?

पेण-रोह्याकडच्या मुलांचं उत्तर तयार असतं. "गुरुजी, आपल्याकडे खाडी आहे, मिठागरं आहेत. काच आणली की झालं!"

थांबा, इतकं सोपं नाही. पण लोक म्हणतात तितकं महागही नाही. पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, हे कळलं की निम्मं काम झालं. त्यासाठी एकच गोष्ट मनात पक्की धरा. आपण मासे पाळत नसतो, पाणी पाळत असतो. पाणी नीट राहिलं, तर मासा आपोआप नीट राहतो.

मीठ म्हणजे समुद्र नव्हे

पेणच्या खारेपाटात जुनी मिठागरं आहेत. त्यांतली कित्येक आता बंद पडली, पण मीठ कसं पिकतं हे घरातल्या आजोबांना विचारा, ते सांगतील. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका खाचरातून दुसऱ्या खाचरात सोडत उन्हात आटवायचं. पाणी आटत जातं तसे त्यातले क्षार एकदम नाही, पाळीपाळीने खाली बसतात. आधी चुन्याचे क्षार, त्यातला मुख्य जिप्सम. पाणी साधारण दहाव्या हिश्शावर आलं, की आपलं खायचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. शेवटी जे कडवट पाणी उरतं, त्यात मॅग्नेशियम राहून जातं. ते पाणी सोडून देतात.

म्हणजे बघा, मिठाच्या राशीत समुद्राचा मोठा भाग असतो, पण सगळा समुद्र नसतो. समुद्रातल्या क्षारांच्या १०० भागांपैकी सुमारे ८६ भाग सोडियम आणि क्लोराइडचे असतात. उरलेल्या १४ भागांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे मंडळी येतात. माशाला आणि शंख-शिंपल्यांना ही उरलेली मंडळीही लागतात. म्हणून मिठागरातलं किंवा किराणा दुकानातलं मीठ टाकीला चालत नाही. मत्स्यपालनाच्या दुकानात 'मरीन सॉल्ट' म्हणून वेगळं मीठ मिळतं, त्यात हे सगळे क्षार मापात घातलेले असतात. इथे काटकसर करायची नाही.

मग खाडीचं पाणीच आणलं तर? रोह्याहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या कुंडलिकेचं किंवा धरमतरच्या खाडीचं पाणी भरती-ओहोटीबरोबर आणि पावसाबरोबर कमी-जास्त खारट होत राहतं. शिवाय काठावर गावं, कारखाने, होड्यांची डिझेल इंजिनं. पाण्यात काय मिसळलंय ते डोळ्यांना दिसत नाही. अलिबागच्या बाजूला मोकळ्या किनाऱ्यावरून, कोरड्या ऋतूत, भरतीच्या वेळी, मोठ्या माणसांबरोबर पाणी आणता येतं. पण १ लिटर समुद्राचं पाणी १ किलोपेक्षा थोडं जडच भरतं. ५० लिटरचे कॅन एस.टी.त चढवून बघा म्हणजे कळेल! आणि पावसाळ्यात तो मार्गही बंद.

पोवळी नकोत

चित्रांतल्या खाऱ्या टाक्यांत रंगीबेरंगी पोवळी, म्हणजे प्रवाळ, डोलताना दिसतात. ती आपल्या टाकीत येणार नाहीत. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. २००१ सालापासून दगडी सांगाडा बनवणाऱ्या प्रवाळांना त्यात वाघाच्या पंक्तीत, पहिल्या अनुसूचीत बसवलंय. समुद्रघोडाही तिथेच आहे. त्यांना समुद्रातून काढणं आणि विकणं गुन्हा आहे. दुकानदार 'कुणी विचारत नाही' म्हणाला, तरी आपण घ्यायचं नाही.

आपल्या महाराष्ट्रातही प्रवाळ आहेत बरं का! मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आहेत. तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य झालं. विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर आत समुद्रात 'आंग्रिया बँक' नावाचं बुडालेलं पठार आहे, तिथेही आहेत. नाव ओळखीचं वाटलं ना? आपल्या अलिबागच्या कान्होजी आंग्र्यांवरूनच ते पडलंय. प्रवाळांची वाढ फार सावकाश होते. एक फांदी तोडली, तर भरून यायला वर्षं लागतात.

आता गंमत ऐका. पोवळी नाहीत, म्हणजे खर्चाचा मोठा भाग आपोआप गळतो. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं आणि उजेडावर त्याच्यासाठी अन्न तयार करतं. म्हणून पोवळ्यांच्या टाकीला भारी दिवे लागतात, कॅल्शियम मोजत आणि घालत राहावं लागतं. नुसत्या माशांना साधी एलईडी पट्टी पुरते. फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं 'प्रोटीन स्किमर' हे यंत्रही लहान टाकीला लागत नाही. मात्र दर आठवड्याला थोडं पाणी बदलायला हवं.

पैशांचे दहा वाटे

भाव गावागणिक आणि दुकानागणिक वेगळे, म्हणून रुपये सांगत नाही, वाटे सांगतो. जमवलेल्या पैशांचे १० सारखे वाटे करा.

२ वाटे: टाकी, मजबूत टेबल आणि साधा दिवा.
२ वाटे: मरीन सॉल्ट.
२ वाटे: एअर पंप, स्पंज फिल्टर आणि पाणी फिरवणारा छोटा पंप.
१ वाटा: हायड्रोमीटर आणि थर्मामीटर.
१ वाटा: अमोनिया आणि नायट्राइट तपासायचा संच.
१ वाटा: वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप.
१ वाटा: मासे आणि त्यांचं खाणं.

पाहिलंत? माशाला एकच वाटा, तोही सगळ्यांत शेवटी. दुकानात आपण नेमकं उलटं करतो. आधी मासा आवडतो, मग उरलेल्या पैशांत बाकीचं!

काय घ्यायचं नाही, तेही ऐका. टाकी गोल बरणीसारखी नको. हीटर आपल्या कोकणात बहुधा लागतच नाही. पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस राहिलं म्हणजे झालं. आपली अडचण मे महिन्यातल्या उकाड्याची असते. पाण्यावरून पंख्याचा वारा जाऊ द्या. फारच तापलं तर बर्फ भरलेली, झाकण घट्ट लावलेली बाटली तरंगत ठेवा. दगड म्हणाल तर आपला सह्याद्रीचा काळा दगड घासून, धुऊन ठेवलात की फुकट काम. तळाला शिंपल्यांचा स्वच्छ धुतलेला चुरा पसरा. बादली मात्र नवी आणि प्लॅस्टिकची, साबण न लागलेली. तांब्याचं भांडं चुकूनही नको, तांबं कोळंबी-शंखांना विषासारखं असतं.

टाकीची वायर प्लगकडे जाताना मध्ये खाली झोळ असू द्या, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकेल. आणि प्लग मोठ्या माणसांनीच लावायचा हं!

वही काढा, हिशेब करू

२ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टाकी घेऊ. म्हणजे २ घनफूट. १ घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावतं, म्हणजे सगळं मिळून ५६-५७ लिटर. काठापर्यंत भरायचं नाही, दगडही आहेत. तेव्हा पाणी धरा ५० लिटर.

समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मग ५० × ३५ = १७५० ग्रॅम. पावणेदोन किलो मीठ. फार नाही, असं वाटलं ना?

आता पुढे चला. दर आठवड्याला ५ लिटर पाणी काढून नवं घालायचं. ५ × ३५ = १७५ ग्रॅम. वर्षाचे आठवडे ५२. १७५ × ५२ = ९१०० ग्रॅम, म्हणजे नऊ किलोंवर! पहिल्या दिवसाच्या पाचपट. टाकी घेताना दिसतो तो खर्च लहान असतो, न दिसणारा मागून येतो. विजेचंही तसंच. १० वॉटचे पंप रात्रंदिवस चालले, तर ३० दिवसांत ७.२ युनिट होतात. हा हिशेब आई-बाबांना आधी दाखवा, टाकी मागून मागा.

टाकीसुद्धा एक मिठागरच

मिठागरात पाणी आटतं आणि मीठ मागे राहतं. टाकीतही तेच घडतं. दोन फुटी टाकीतलं अर्धा ते एक लिटर पाणी रोज हवेत जातं. मीठ जात नाही, म्हणून उरलेलं पाणी दिवसेंदिवस खारट होतं. त्यावर उपाय सोपा. काचेवर पाण्याच्या पातळीला कागदाची पट्टी चिकटवा. पाणी पट्टीच्या खाली गेलं की तेवढं गोडं पाणी घाला. आटलेल्याच्या जागी खारं पाणी घातलंत, तर खारटपणा वाढतच जाईल. हायड्रोमीटरचा आकडा १.०२३ ते १.०२६ यांच्या मध्ये राहिला पाहिजे. नळाचं पाणी क्लोरीन उडून जावं म्हणून एक दिवस उघडं ठेवून, त्यात एअर पंपाची नळी सोडून मगच वापरायचं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. खारेपाटातल्या कित्येक घरांत एप्रिल-मे महिन्यांत हंडे मोजून पाणी वापरावं लागतं. तुमचं घर त्यांतलं असेल, तर टाकी दिवाळीनंतर सुरू करा आणि उन्हाळ्याचं रोजचं लिटरभर पाणी कुठून येणार, ते आधी ठरवा. प्यायच्या पाण्यावर माशाचा हक्क नंतरचा, हे विसरायचं नाही. पाण्याची सोय नसेल, तर यंदा टाकी नको. त्यात कमीपणा कसला?

मूर्ती सुकल्याशिवाय रंग नाही

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात कधी ओल्या मूर्तीवर रंग चढवताना पाहिलाय? नाही ना! टाकीचंही तसंच आहे. मासा पाण्यात अमोनिया सोडतो. तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी असतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू नव्या टाकीत नसतात, त्यांची वस्ती व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात.

म्हणून पहिल्या दिवशी मासा सोडायचा नाही. बोटाच्या पेराएवढी सोललेली कोळंबी जाळीच्या पिशवीत घालून टाकीत ठेवा. ती कुजते, अमोनिया होतो आणि जिवाणूंना जेवण मिळतं. दोन-तीन दिवसांनी एकदा पाणी तपासा. आधी अमोनिया चढेल, मग उतरेल. मागोमाग नायट्राइट चढेल आणि उतरेल. दोन्ही शून्यावर आले, की थोडं पाणी बदला. टाकी तयार! इतके दिवस नुसतं पाणी बघत बसायचं म्हणजे कंटाळा येतोच. पण या टाकीतली सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे धीर, आणि त्याच्याशिवाय बाकीचे दहाही वाटे वाया जातात.

पहिला मासा कोणता?

मॉली! हो, तीच साध्या दुकानातली, गोड्या पाण्यातली मॉली. हा मासा हळूहळू सवय केली तर पूर्ण खाऱ्या पाण्यातही मजेत राहतो. वेगळ्या बादलीत हवेची नळी सोडून मॉली ठेवा. रोज थोडं थोडं पाणी काढून त्या जागी टाकीतलं पाणी घाला. ८-१० दिवसांत दोन्ही पाणी सारखं करा, मग तिला टाकीत सोडा. घाई केलीत तर तिचा जीव जाईल.

दोन-तीन महिने सगळं नीट चाललं, की क्लाउनफिशची एक जोडी आणा. या टाकीत दोनच, जास्त नकोत. दुकानदाराला विचारा, "हा समुद्रातून पकडलेला की पैदास केंद्रातला?" आपल्याच देशातल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी क्लाउनफिशची पैदास टाक्यांमध्ये करून दाखवली आहे. तसा मासा टाकीतच वाढलेला असल्यामुळे चांगला तगतो, आणि समुद्रातला एक मासा समुद्रातच राहतो.

हे करून पाहा

सरबताच्या नळीचं एक टोक मातीच्या गोळीने घट्ट बंद करा. आत थोडी वाळू घाला, म्हणजे नळी पाण्यात उभी तरंगेल. साध्या पाण्यात ती कुठवर बुडते, तिथे खूण करा. आता १ लिटर पाण्यात ३५ ग्रॅम साधं मीठ विरघळवा आणि तीच नळी त्यात सोडा. ती थोडी वर उचललेली दिसेल, कारण खारं पाणी जड असतं. झाला तुमचा हायड्रोमीटर! टाकीसाठी विकतचाच वापरा, पण तो कसा चालतो हे आता तुम्हाला ठाऊक झालं.

टाकीजवळ एक शंभरपानी वही दोरीने बांधून ठेवा. तारीख, तापमान, हायड्रोमीटरचा आकडा आणि घातलेलं पाणी असे चार रकाने आखा. मासा आजारी दिसायच्या आधी बहुतेक वेळा पाण्याचा आकडा बिघडलेला असतो, आणि तो वहीतच सापडतो. टाकी घेणं यंदा जमणार नसेल, तरी नळी आणि वही आजच सुरू करता येईल. भरती-ओहोटीला खाडीचं पाणी मोठ्यांबरोबर जाऊन बाटलीत आणा आणि नळी त्यात सोडून बघा. नळी कधी जास्त वर येते, ते लिहून ठेवा.