उसन्या नावाचा जिताडा

डार्विन : एप्रिलच्या सुमारास इथला पावसाळा ओसरतो. पूरमैदानांवर महिनोन् महिने तुंबलेलं पाणी ओहोळांतून नद्यांकडे परतू लागतं. त्या पाण्याबरोबर वाहत येणाऱ्या बारक्या मासळीवर डल्ला मारायला ओहोळांच्या तोंडाशी बॅरामंडी दबा धरून बसतात. या दिवसांना इथे 'रन-ऑफ' म्हणतात आणि गळ टाकणारे त्यांची वर्षभर वाट पाहतात. मेरी आणि डेली या नद्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मागे होडी जोडलेल्या गाड्या दिसू लागल्या, की हंगाम सुरू झाला म्हणून समजावं.

मासा तुमच्या ओळखीचा आहे. पेण-अलिबागच्या खारेपाटात ज्याला जिताडा म्हणतात, गोव्यात चणक आणि कोलकात्यात भेटकी, तोच हा. इराणच्या आखातापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या खाड्यांत तो सापडतो आणि सगळीकडे त्याचं शास्त्रीय नाव एकच : लेट्स कॅल्कॅरिफर. बोलीतली नावं मात्र दर किनाऱ्याला वेगळी. कंपनी सरकारच्या काळात कलकत्त्यातले साहेब त्याला 'कॉकअप' म्हणत; मलय भाषेतल्या 'काकाप'चं ते इंग्रजी रूप. आजच्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ 'घोळ' असा होतो, त्यामुळे मेनूकार्डावर तो छापायला कुणी धजावणार नाही.

ऑस्ट्रेलियातलं नावही उसनंच. 'बॅरामंडी' हा शब्द क्वीन्सलंडमधल्या रॉकहॅम्प्टनकडच्या एका आदिवासी भाषेतला असावा, असं कोशकार मानतात. अर्थ, मोठ्या खवल्यांचा मासा. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी तो उचलला तेव्हा तो फिट्झरॉय नदीच्या खोऱ्यातल्या साराटोगा नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाला लावला जात होता. १८७० मध्ये क्वीन्सलंडच्या फुफ्फुसमाशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांत खळबळ उडाली. मग त्यालाही 'बॅरामुंडा' म्हणू लागले. आपला जिताडा या नावाचा तिसरा मानकरी. बरीच वर्षं त्याला 'जायंट पर्च' असं रुक्ष इंग्रजी नावही होतं. पहिले दोन दावेदार मागे पडले आणि नाव याच्याकडे राहिलं.

इथे हे नवीन नाही. 'कांगारू' हा शब्द कॅप्टन कुकच्या माणसांनी १७७० मध्ये उत्तर क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर गूगू यिमिदिर लोकांकडून टिपून घेतला. १७८८ मध्ये सिडनीत उतरलेल्या इंग्रजांनी तो तिथल्या लोकांपुढे ठेवला तेव्हा त्यांना काहीच बोध होईना. सिडनीवाल्यांची भाषा निराळी. त्यांना तो इंग्रजी शब्द वाटला! ऑस्ट्रेलियात आदिवासींच्या अडीचशेहून अधिक भाषा होत्या. इंग्रजांच्या लेखी मात्र 'आदिवासी शब्द' ही एकच वर्गवारी होती.

डार्विनपासून रॉकहॅम्प्टन दोन हजार किलोमीटरहून लांब. इकडच्या आर्नहेम लँडमध्ये कुनविंज्कू भाषेत याच माशाला 'नामार्नकोल' म्हणतात, योल्ङू लोक 'रात्जुक' म्हणतात. काकाडू राष्ट्रीय उद्यानातल्या उबिर इथल्या कातळावर मासे असे काढले आहेत, की अंगाच्या आतला कणा आणि अवयवही दिसावेत. कापल्यावर कोणता भाग कुठे असतो हे ज्याला पाठ आहे, त्याच्याच हातचं ते काम. त्या कातळापासून थोड्याच अंतरावर ईस्ट ॲलिगेटर नदीवरचा काहिल्स क्रॉसिंग हा फरशीचा उतार आहे. भरती चढू लागली की खाडीतल्या मगरी तिथे गोळा होतात आणि त्यांच्यासमोर काठावर उभी राहून माणसं त्याच माशासाठी गळ टाकत असतात. इथे माणसं दगावली आहेत. पाट्या आहेत, सूचना आहेत, तरी बॅरापुढे कुणाचं चालत नाही.

'बॅरा' हे लाडाचं नाव. मीटरभराहून लांब असेल तर 'मीटरी'. जवळपास प्रत्येक मीटरी मादी असते, कारण हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणून क्वीन्सलंडमध्ये ५८ सेंटिमीटरहून लहान आणि १२० सेंटिमीटरहून मोठा, असे दोन्ही बॅरा पाण्यात परत सोडावे लागतात. लहान सोडायचा हे कुणालाही पटतं. मोठा सोडताना हात जड होतो. डार्विन ज्या प्रांतात आहे, त्या नॉर्दर्न टेरिटरीत २०१५ पासून काही बॅरांना खुणेचे बिल्ले लावून सोडतात. त्यांतल्या मोजक्यांवर दहा लाख डॉलरचं बक्षीस असतं. २०२४ मध्ये कॅथरिन गावच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाने ते पटकावलं.

१९८० च्या दशकात मासळी व्यापाऱ्यांनी 'बॅरामंडी' या नावाचा जोरात प्रचार केला. 'जायंट पर्च'मध्ये नसलेली ऑस्ट्रेलियाच्या मातीची चव या नावात होती. खपही वाढला. पण जात तीच असल्यामुळे आग्नेय आशियातल्या तलावांतला, तिथल्या बाजारात वेगळ्याच नावाने ओळखला जाणारा मासाही इथे उतरला की 'बॅरामंडी' होतो. इथे खाल्ल्या जाणाऱ्या बॅरामंडीत निम्म्याहून जास्त माल आयातीचा आहे. पर्यटकाला वाटतं, आपण काकाडूतला मासा खातोय.

डार्विनला हे आधी खटकलं. २००८ पासून टेरिटरीत आयात मासळी असेल तर हॉटेलने मेनूवर तसं लिहिणं बंधनकारक झालं. देशभरासाठी तारीख ठरली १ जुलै २०२६ : मासळी ऑस्ट्रेलियन, आयात की मिश्र, हे हॉटेलांनी सांगायचं. स्थानिक मत्स्यशेतीवाल्यांची तक्रार आहे, की फार उशीर झाला. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. तलावात वाढलेला डार्विनजवळचा मासा आणि नदीतला रानटी मासा यांतला फरक या नियमाला दिसत नाही. दोघांनाही 'ऑस्ट्रेलियन' हाच शिक्का. खारेपाटातल्या तळ्यातला आणि खाडीतला जिताडा चवीवरून ओळखणाऱ्याला तेवढ्यावर समाधान मिळणार नाही. डार्विनमध्ये जेवायला बसाल तेव्हा 'लोकल का?' एवढ्यावर न थांबता 'वाइल्ड का?' हेही विचारा. वाढप्याला माहीत नसेल, तर तो आत जाऊन विचारून येतो.