१९३० पासून गळणारे नरसाळे

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरी, क्वीन्सलँड विद्यापीठात काचेचे एक नरसाळे आहे. प्राध्यापक थॉमस पार्नेल यांनी १९२७ साली त्यात तापवून पातळ केलेले पिच ओतले. पिच म्हणजे डांबराचे भाऊबंद. हातोडा मारला तर तुकडे उडतात, आणि तरी तो आहे द्रव! तीन वर्षे ते तसेच बसू दिले आणि १९३० मध्ये नरसाळ्याची बंद नळी खालून कापली. तेव्हापासून पिच गळत आहे. नववा थेंब सुटला तो एप्रिल २०१४ मध्ये!

आता मित्रांनो, 'पिच १९३० पासून गळत आहे' हे इंग्रजीत सांगा पाहू. बहुतेक जण म्हणतील, 'द पिच इज ड्रिपिंग सिन्स १९३०'. मराठीत 'गळत आहे', म्हणून 'इज ड्रिपिंग'. गफलत होते ती इथेच. मराठीत सारे काम एकटे 'पासून' करते, क्रियापद जागचे हलत नाही. इंग्रजीला तेवढ्याने भागत नाही. भूतकाळात सुरू होऊन आजपर्यंत चालत आलेली क्रिया सांगताना तिचे क्रियापदही बदलते : 'द पिच हॅज बीन ड्रिपिंग सिन्स १९३०'. आय, यू किंवा अनेकवचनी कर्ता असेल तर हॅजऐवजी हॅव, 'बीन' कायम, मुख्य क्रियापदाला आयएनजी. झाली रचना!

आलेखाच्या वहीत एक आडवी काळरेषा काढा. १९३० वर टिंब द्या. त्या टिंबासाठी 'सिन्स'. टिंबापासून आजपर्यंतच्या रेषेची लांबी सांगायची असेल तर 'फॉर' : 'फॉर मोर दॅन नाइन्टी इयर्स'. बिंदू आणि लांबी यांत घोळ घालू नका, म्हणजे हे दोन शब्दही चुकणार नाहीत.

थेंब मोजताना मात्र 'नाइन ड्रॉप्स हॅव फॉलन' असेच म्हणावे. ती क्रिया नऊ वेळा पुरी झाली. 'नाइन ड्रॉप्स हॅव बीन फॉलिंग' म्हटलेत, तर नऊच्या नऊ थेंब अजून हवेत लोंबत आहेत असे व्हायचे!

आणखी एक. ओळखणे, माहीत असणे ही क्रिया नव्हे, स्थिती आहे. तिला सहसा आयएनजी चालत नाही. मित्राला दहा वर्षे ओळखत असाल तर म्हणा, 'आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स'.