दडलेली कावीळ

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी दिवेलागणीच्या सुमारास घरी आला. ट्रक चालवतो. काही वर्षांपूर्वी त्याला एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे कळले. तेव्हापासून सरकारी केंद्रातून मिळणारी गोळी तो रोज रात्री न चुकता घेतो. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. ‘‘सर, ‘ब’ कावीळ निल आली. आता ही गोळी बदलली तर चालेल ना? मूत्रपिंडावर ताण येतोय म्हणतात.’’

मी शिकवतो तर्कशास्त्र, वैद्यक नव्हे. पण ‘सापडले नाही’ आणि ‘नाही’ ही दोन विधाने एक नव्हेत, हे आम्ही पहिल्याच महिन्यात सांगतो. म्हणून त्याला म्हटले, थांब जरा. मग एका डॉक्टर मित्राला गाठले, थोडे वाचले. जे उमगले ते तुमच्यापुढे ठेवतो.

कावीळ म्हटली की आपण सगळ्या काविळी एकाच पोत्यात भरतो. घाण पाण्यातून येते ती ‘अ’ आणि ‘ई’. ‘ब’चे विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातात. एच.आय.व्ही.च्याही वाटा त्याच. तेव्हा दोघे एकाच अंगात शेजार करून राहिले तर नवल कसले? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे एच.आय.व्ही. असलेल्या शंभरांतल्या सातांहून अधिक लोकांना ‘ब’चीही लागण असते. ही झाली उघड लागण. दडलेली निराळी.

ब्लुमबर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९६० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन आढळले. पुढे कळले, ते ‘ब’ विषाणूच्या बाहेरच्या टरफलाचे. १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजही नेहमीची चाचणी हे टरफलच शोधते. पण काही माणसांत टरफल इतके थोडे पडते, किंवा त्याचा आकार असा बदलतो, की चाचणीला ते दिसतच नाही. विषाणूचे बीज मात्र यकृताच्या पेशींच्या पोटात बसून असते.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. हरळीचे रान नांगरले, काशा वेचल्या, उन्हाळाभर जमीन तापली. वर पाहावे तर एक हिरवी काडी नाही. रान निर्मळ झाले असे कोण म्हणेल? एक काशी खाली राहिली की पहिल्या पावसाला हरळी वर येते.

मग ही काशी ओळखायची कशी? विषाणूच्या गाभ्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये रक्तात शोधतात. ती सापडली तर चोर कधी तरी घरात येऊन गेला एवढे कळते. अजून माळ्यावर आहे की नाही, ते कळत नाही. त्यासाठी विषाणूचा डी.एन.ए. मोजावा लागतो. ती चाचणी महाग, आणि दडलेला विषाणू रक्तात आज दिसतो, उद्या दिसत नाही. काहींच्या रक्तात तर प्रतिद्रव्यांचा मागही नसतो. पाहणीगणिक आकडे वेगळे येतात ते यामुळेच.

शरीराची राखण भक्कम असली तर हा विषाणू जन्मभर निपचित पडून राहू शकतो. एच.आय.व्ही. नेमक्या त्या राखणदारांनाच मारतो. सुदैवाने एच.आय.व्ही.साठी सरकारी केंद्रातून सहसा जी गोळी देतात तिच्यात टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही औषधे असतात; ती दोन्ही विषाणूंवर चालतात. म्हणजे कित्येकांच्या दडलेल्या काविळीवर त्यांच्या नकळत पहारा बसलेला आहे! गोम इथेच आहे. गोळी मनाने सोडली, किंवा टेनोफोव्हिर नसलेली घेतली, तर पहारा उठतो किंवा दुबळा होतो. एकट्या लॅमिव्ह्युडिनला हा विषाणू काही वर्षांत सरावतो. यकृताला अचानक सूज येऊ शकते, क्वचित ते निकामीही होते. म्हणून गोळी बदलण्याआधी गाभ्याची चाचणी झाली का, हे विचारलेच पाहिजे.

आमच्या गड्याची ती चाचणी केली. लागणीचा माग निघाला. डॉक्टरांनी टेनोफोव्हिर काढले नाही. त्याचाच मूत्रपिंडाला कमी जाचणारा प्रकार दिला.

मधल्या काळात त्याच्या आईने शेजारच्या गावाहून काविळीची माळ आणली होती. कोणी चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पिवळे पाणी दाखवतात. पाणी पिवळे होते खरे, पण यकृताला त्याची वार्ताही नसते. आणि या दडलेल्या प्रकारात डोळे पिवळे होतातच असे नाही.

शिक्षकबंधूंनो, तुम्हांला एक सांगायचे. एका बाकावर बसून, एका डब्यात जेवून, एका नळाचे पाणी पिऊन यांतला कोणताही विषाणू जात नाही, आणि एच.आय.व्ही.च्या कारणावरून मुलाला शाळा नाकारणे २०१७ च्या कायद्याने गुन्हा… निदान बेकायदा तर आहेच. ‘ब’ची लस देशभरातल्या बाळांना २०११ पासून मिळू लागली, पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत. त्याआधी जन्मलेल्या पुष्कळांना ती मिळालेली नाही. लस मात्र येणाऱ्याला अडवते, आत बसलेल्याला हुसकत नाही.

त्याची बायको आणि दोन्ही मुले पुढच्या सोमवारी तपासून आली. टरफल आणि गाभा, दोन्ही चाचण्या करवल्या. तिघेही सुटले. मुलांची लस झालेली होती. बायकोला पहिली मात्रा त्याच दिवशी टोचली. दुसरी महिन्याने झाली, तिसरी सहाव्या महिन्यात. तारखा त्याने ट्रकच्या काचेवर खडूने लिहून ठेवल्या होत्या.