अपुऱ्या विजेचा अंमल

वीज गेली म्हणजे यंत्र बंद पडावे, हे यंत्रालाही मान्य असते. मायक्रोकंट्रोलरच्या स्मृतीवर खरे संकट येते ते वीज असूनही पुरेशी नसते अशा काही मिलिसेकंदांत, म्हणजे शेजारची मोठी मोटार सुरू होताना दिवे मंदावतात तेव्हा, किंवा बटण बंद केल्यावर कॅपॅसिटरमधला उरलासुरला भार रेंगाळत ओसरतो तेव्हा.

माझ्या मेजावर एका पंपाचे चालू तास मोजणारे छोटे उपकरण आहे. त्यातली एटीमेगा ३२८पी ही चिप १६ मेगाहर्ट्झ गतीने चालते, आणि त्या गतीला निदान ३.८ व्होल्ट दाब लागतो. पुरवठा हळूहळू उतरवला असता ऑसिलोस्कोपवर असे दिसते, की ३.५ व्होल्टच्या खालीही स्फटिकाचे स्पंदन चालूच आहे; म्हणजे प्रोसेसर आज्ञा पाळतो आहे, मात्र कोणत्या आज्ञा, याची शाश्वती संपलेली आहे. ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत, लिहिण्यापूर्वी परवान्याचा बिट उभारून चार स्पंदनांच्या आत लेखनाचा हुकूम द्यावा लागतो, हा निर्मात्यांनी केलेला बंदोबस्त खरा. परंतु भरकटलेला प्रोसेसर नेमका त्या क्रमाच्या आरंभीच येऊन पडला, तर तो बंदोबस्त निष्फळ ठरतो. एटीमेगाच्याच एव्हीआर घराण्यातील जुन्या चिपा हाताळलेली माणसे ईईप्रॉमचा शून्य क्रमांकाचा पत्ता अद्यापि रिकामा ठेवतात, ते अशाच अनुभवांमुळे.

यावर मुख्य उपाय चिपच्या पोटातच आहे. ब्राउनआउट डिटेक्टर दाबावर नजर ठेवतो आणि ठरलेल्या मर्यादेखाली दाब येताच प्रोसेसरला रीसेटमध्ये जखडून ठेवतो. फ्यूज म्हटल्या जाणाऱ्या, चिपची मांडणी ठरवणाऱ्या बिटांच्या द्वारे ही मर्यादा १.८, २.७ किंवा ४.३ व्होल्ट ठेवता येते. हीच चिप असलेल्या अर्ड्युइनो उनोच्या बोर्डावर ती २.७ असते, पण १६ मेगाहर्ट्झला हे औदार्य मला परवडणारे वाटत नाही, कारण २.७ ते ३.८ हा सारा पट्टा अराजकाला मोकळा राहतो. पाच व्होल्टच्या यंत्रात मी ४.३ निवडतो. बॅटरीवरच्या उपकरणात डिटेक्टर स्वतःही थोडा प्रवाह खातो, म्हणून तो बंद ठेवण्याचा मोह होतो. तेथे निदान लेखनापुरता तरी तो जागा असावा.

रीसेट वेळेवर आला तरी नोंद अर्धवट राहू शकते. एक बाइट लिहिण्यास सुमारे ३.४ मिलिसेकंद लागतात. दाब पुरेसा असेल तर हाती घेतलेला बाइट रीसेटनंतरही पुरा होतो, पण तासांची संख्या चार बाइटांची असते आणि उरलेले तीन बाइट जुन्या संख्येचेच राहतात. म्हणून नवा जमाखर्च उतरून त्यावर सही-शिक्का होईपर्यंत जुनी वही न फाडणाऱ्या सावध कारकुनाप्रमाणे दोन जागा आळीपाळीने वापराव्यात, प्रत्येकीत अनुक्रमांक असावा आणि पडताळणीची बेरीज सर्वांत शेवटी लिहावी.

दर मिनिटाला नोंद करावी म्हटले, तर एका जागेची हमी १ लाख लेखनांची. एकाच जागी लिहीत राहिल्यास ती सत्तर दिवसांच्या आतच संपेल. त्यामुळे वीज जाण्याची चाहूल लागताच एकदा लिहिणे इष्ट, आणि ती चाहूल रेग्युलेटरच्या अलीकडे, बारा व्होल्टच्या बाजूस घ्यावी. तेथील १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ५० मिलिअँपिअरच्या भाराखाली १२ वरून ७ व्होल्टपर्यंत उतरण्यास १०० मिलिसेकंद घेतो. तोच रेग्युलेटरच्या पलीकडे बसवला, तर ५ वरून ४.३ पर्यंत जेमतेम १४ मिलिसेकंद मिळतात, आणि एवढ्यात चार बाइट कसेबसे लिहून होतात, बेरजेची तर सोयच राहत नाही. साठलेला भार इतर मंडळाने मागे ओढून घेऊ नये, म्हणून त्या कॅपॅसिटरच्या आधी एक डायोड मात्र हवा.

चाचणीच्या वेळी पुष्कळ लोक वायर खटकन उपसतात आणि समाधान मानतात. मी दाब कधी झपाट्याने, कधी अत्यंत सावकाश उतरवतो, मध्येच थांबवतो, पुन्हा चढवतो, आणि दर वेळी दोन्ही नोंदी वाचून पाहतो. शिवाय एमसीयूएसआर रजिस्टरमधील बिट आरंभीच वाचून ठेवतो, कारण मागील रीसेट ब्राउनआउटमुळे झाला की अडकलेल्या प्रोसेसरला रीसेट करणाऱ्या वॉचडॉगमुळे, याचा दाखला तेथेच मिळतो.